नाशिकमध्ये पहिलं ग्राफिक कार्ड घेताना: आधी मेमरी मोजा, मग वॅट

जून-जुलै आला की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत येतो. "दादा, पोरीला आर्किटेक्चरला ॲडमिशन मिळालीय, ग्राफिक कार्ड कोणतं टाकू?" कधी सातपूरच्या वर्कशॉपमधून, कधी पंचवटीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या मित्राकडून, कधी दहावीची परीक्षा संपलेल्या पोराकडून. प्रत्येकाला कार्डाचं नाव हवं असतं. मी आधी तीन गोष्टी विचारतो: काम काय करणार, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा आहे आणि मॉनिटर कोणता. ही उत्तरं नसताना सांगितलेलं नाव म्हणजे माप न घेता शिवलेला सदरा.

गेली पंधरा वर्षं मी ओळखीच्या लोकांची मशीन जुळवून देतोय. एवढ्या काळात ग्राफिक हार्डवेअर ज्या दिशेने सरकलं आहे, त्यावरून माझं मत पक्कं झालंय: नवख्या माणसाने कार्डाचा वेग सगळ्यात शेवटी बघावा. आधी मेमरी, मग वीज आणि उष्णता, मग वेग. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: आहे त्या मशीनला विचारा

दुकानात जाण्याआधी तुमच्या मशीनवर तुमचं सगळ्यात जड काम उघडा. गेम असेल तर गेम, ड्रॉइंग असेल तर सर्वांत मोठी फाइल. मग कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जा, डाव्या बाजूच्या यादीत जीपीयू, म्हणजे ग्राफिक कार्डावरची मुख्य चिप, दिसेल. तिथे दोन आकडे वाचायचे. डेडिकेटेड मेमरी म्हणजे कार्डाच्या अंगावरची स्वतःची मेमरी. शेअर्ड म्हणजे कार्डाने मशीनच्या रॅमकडून उसनी घेतलेली.

गंगापूर रोडला माझी भाची राहते, आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. तिचं बंगल्याचं मॉडेल फिरवताना अडकत होतं. माउस हलवला की एक क्षण सगळं गोठायचं आणि मग चित्र उडी मारून पुढे जायचं. "मामा, कार्ड म्हातारं झालं," ती म्हणाली. आम्ही टास्क मॅनेजर उघडला. जीपीयूचा वापर जेमतेम ४० टक्के होता. डेडिकेटेड मेमरी मात्र ८ पैकी ७.८ जीबी भरलेली आणि शेअर्डचा आकडा डोळ्यांदेखत चढत होता. अंगणातल्या गवताला आणि मागच्या झाडांना तिने ४के रिझोल्युशनची टेक्श्चर्स, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायची चित्रं, लावली होती, जी पन्नास फुटांवरून कुणालाच दिसणार नव्हती. ती १के वर आणली आणि मॉडेल लोण्यासारखं फिरायला लागलं. नवं कार्ड घ्यायची वेळच आली नाही.

असं का होतं, ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ५०६० सारख्या आजच्या मधल्या दर्जाच्या कार्डावर मेमरी आणि चिप यांच्यातली वाट सेकंदाला ४४८ जीबी माल वाहते. कार्डावरची जागा संपली की उरलेला माल मशीनच्या रॅममधून मदरबोर्डच्या स्लॉटवाटे आणावा लागतो, आणि ही वाट पीसीआयई (त्या स्लॉटचं मानक) ४.० च्या पूर्ण १६ लेनवरसुद्धा सेकंदाला साधारण ३२ जीबीचीच आहे. मुंबई-आग्रा हायवेवरून सुसाट येणारी गाडी एकदम रविवार कारंजाच्या गर्दीत शिरावी, तशी गत. चिप कितीही तगडी असली तरी माल येईपर्यंत ती हात बांधून बसते. वापर ४० टक्के दिसत होता तो त्यामुळेच.

दुसरी पायरी: हा बाजार कुठून आला आणि कुठे चाललाय

ही पायरी गाळू नका. पैसे कुठे घालायचे, हे यावरच ठरतं.

घरच्या कॉम्प्युटरवर त्रिमितीय चित्रं दाखवणारी वेगळी कार्डं १९९६ च्या वूडू कार्डापासून लोकप्रिय झाली. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणलं आणि जीपीयू हा शब्द बाजारात रूढ केला. २००६ मध्ये एएमडीने एटीआय ही कंपनी विकत घेतली, तेव्हापासून एटीआयचं रेडिऑन कार्ड एएमडीचं झालं. त्याच सुमारास एनव्हिडियाने कुडा हे सॉफ्टवेअर आणलं आणि चित्रं काढायला बनवलेल्या चिपवर कुठलंही गणित करता येऊ लागलं. आजच्या एआयच्या लाटेचं मूळ तिथे आहे. २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेत प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे वेगळे भाग आले आणि एआयसाठीचे भागही घरगुती कार्डात आले. २०२२ मध्ये इंटेल आर्क नावाची कार्डं घेऊन तिसरा खेळाडू म्हणून उतरली.

इतकी वर्षं एक सवय लागली होती: दोन वर्षं थांबायचं, तेवढ्याच पैशात दुप्पट वेग घ्यायचा. ती सवय आता मोडावी लागेल. ट्रान्झिस्टर अजून लहान होतायत, पण लहान करण्याचा खर्च आता प्रत्येक पिढीला वाढतो. चिप किती मोठी करायची, यालाही छपाईच्या यंत्राची मर्यादा आहे, ती साधारण ८५० चौरस मिलीमीटरच्या आसपास येते. मग वेग वाढवायला उरते वीज. २०१७ चं जीटीएक्स १०८० टीआय २५० वॅट खायचं. २०२० चं आरटीएक्स ३०९० ३५० वॅट, २०२२ चं ४०९० ४५० वॅट, २०२५ चं ५०९० ५७५ वॅट. घरातला मिक्सर साधारण ५०० ते ७५० वॅटचा असतो. शेंगदाण्याची चटणी दोन मिनिटांत वाटून होते. हे कार्ड तीन-तीन तास त्याच जोराने चालतं.

कंपन्यांना दुसरा रस्ता शोधणं भाग होतं, आणि तो त्यांनी एआयमध्ये शोधला. एनव्हिडियाचं डीएलएसएस, एएमडीचं एफएसआर (चौथ्या आवृत्तीपासून), इंटेलचं एक्सईएसएस ही सगळी त्याच वाटेवरची. कार्ड लहान चित्र काढतं आणि शिकवलेलं मॉडेल ते मोठं करून देतं. उदाहरणार्थ १४४० रेषांच्या मॉनिटरवर डीएलएसएस क्वालिटीला ठेवलं तर कार्ड प्रत्यक्षात ९६० रेषांचंच चित्र काढतं. हे काम इतकं चांगलं जमतं की माझ्याकडे येणाऱ्या मुलांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं तरी फरक सांगता येत नाही. मी स्वतः ते नेहमी चालू ठेवतो.

त्याच्या पुढचं पाऊल म्हणजे फ्रेम जनरेशन. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत कार्ड एक फ्रेम (पडद्यावरचं एकेक चित्र) खरी काढून तीनपर्यंत फ्रेम मधल्या मध्ये घडवून भरू लागलं. हालचाल गुळगुळीत दिसते, पण तुम्ही बटण दाबल्यापासून पडद्यावर उमटेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. मूळ फ्रेम सेकंदाला ५०-६० असतील तर मजा येते. मूळच २० असतील तर पडद्यावर ८० लिहून येईल आणि हाताला मात्र चिखलात चालल्यासारखं वाटेल. जाहिरातीत दुप्पट-तिप्पट वेगाचा आलेख दिसला की त्यात घडवलेल्या फ्रेम मोजल्या आहेत का, हे खालच्या बारीक अक्षरांत वाचा.

या सगळ्यात मेमरीची भूक वाढतच चालली आहे. फ्रेम जनरेशनला मेमरी लागते, किरणांच्या हिशेबाला लागते, घरी एआय मॉडेल चालवायला तर सगळ्यात जास्त. म्हणूनच मी आधी मेमरी मोजायला सांगतो.

तिसरी पायरी: वेगळं कार्ड हवंच का

दहा वर्षांपूर्वी ऑनबोर्ड ग्राफिक्स, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स, म्हटलं की लोक नाक मुरडायचे. आता तसं राहिलेलं नाही. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या एएमडीच्या रायझेन ८७००जी प्रोसेसरमध्ये रेडिऑन ७८०एम आहे, आणि त्यावर साधे गेम, फोटो एडिटिंग, ऑटोकॅडचं टू-डी काम आरामात होतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच ठिकाणी आणि दोघांना एकच मेमरी, ही रचना २०२० मध्ये ॲपलच्या एम१ ने लोकांच्या डोळ्यांत भरवली. २०२५ मध्ये एएमडीने रायझेन एआय मॅक्स प्लस ३९५ आणला. त्यात ग्राफिक्सची ४० युनिट्स आहेत आणि मेमरी १२८ जीबीपर्यंत येते. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडिया इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवणार आणि इंटेल एनव्हिडियाची आरटीएक्स चिपलेट (छोटी चिप) जोडलेले प्रोसेसर बनवणार, अशी घोषणा झाली. तिन्ही कंपन्या एकाच दिशेने निघाल्यात. खालच्या किमतीचं वेगळं कार्ड हळूहळू प्रोसेसरच्या पोटात जाणार, असं मला वाटतं.

नवख्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. दुकानदार जीटी ७१० किंवा जीटी १०३० काढून देत असेल तर हात जोडून नको म्हणा. तेच पैसे चांगल्या ऑनबोर्ड ग्राफिक्सच्या प्रोसेसरवर घाला. फक्त प्रोसेसरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. इंटेलच्या नावाला शेवटी एफ असेल, जसं आय५ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतंच. रायझेन ५ ५६०० मध्येही नसतं.

आणखी एक गोष्ट, जी मी जवळजवळ प्रत्येक असेंबल्ड मशीनमध्ये दुरुस्त करतो. १६ जीबी रॅम मागितली की बहुतेक वेळा १६ ची एकच पट्टी लावून मिळते. ऑनबोर्ड ग्राफिक्स रॅमवरच जगतं, आणि एका पट्टीने त्याची वाट अर्धी होते. ८-८ च्या दोन पट्ट्या, योग्य स्लॉटमध्ये, एवढं केलं तरी त्याच मशीनवरचा गेम ओळखू येणार नाही इतका सुधारतो. मदरबोर्डवर चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा.

एकाच मेमरीच्या मशीनमध्ये मला खटकणारी बाब म्हणजे बहुतेकांत रॅम बोर्डावरच डाकलेली असते. आपल्याकडे कॉम्प्युटर सात-आठ वर्षं वापरतात, थोरल्याचा धाकट्याकडे जातो. असं मशीन घ्यायचं तर पहिल्याच दिवशी पुरेशी मेमरी घ्या, नंतर वाढवता येणार नाही.

चौथी पायरी: कामाप्रमाणे मेमरी ठरवा

अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये पार्टचं ड्रॉइंग, सीएनसीचा प्रोग्रॅम, मध्यम आकाराच्या असेंब्ली: इथे कार्डापेक्षा प्रोसेसरच्या एकेका कोअरचा वेग आणि रॅम महत्त्वाची. ६ ते ८ जीबीचं कार्ड पुरतं. सॉलिडवर्क्स वापरत असाल तर त्यांच्या मान्यताप्राप्त कार्डांची यादी एकदा बघून घ्या.

आर्किटेक्चर आणि इंटीरियरचं रेंडरिंग: १२ जीबी किमान, जमलं तर १६. ब्लेंडरचं सायकल्स तिन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालतं. पण कॉलेजात आणि ऑफिसांत वापरली जाणारी काही रेंडरिंग सॉफ्टवेअर आजही कुडाच मागतात. आधी सॉफ्टवेअरचं नाव लिहून घ्या, मगच कंपनी निवडा.

लग्नाचे व्हिडिओ हा नाशिकमध्ये मोठा व्यवसाय, आणि तिथे लोक चुकीचं कार्ड घेतात. आजचे कॅमेरे ४:२:२ रंगाचं, १० बिटचं, एच.२६५ मधलं चित्रीकरण करतात. आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतची एनव्हिडियाची कार्डं हा प्रकार हार्डवेअरवर उघडू शकत नव्हती; सगळा भार प्रोसेसरवर यायचा आणि टाइमलाइन अडकायची. इंटेलच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंक (व्हिडिओ उघडणारा खास भाग) मात्र हे काम आधीपासून करत आलंय. आरटीएक्स ५० मालिकेत ती सोय आली. माझ्या मित्राने महागडं कार्ड घेऊनही हळदीची क्लिप अडकत होती. त्याच्या आय७ मधलं ऑनबोर्ड ग्राफिक्स बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद करून ठेवलेलं होतं. ते चालू केलं, एडिटिंगच्या सेटिंगमध्ये इंटेलला डीकोडिंग दिलं, आणि त्या रात्री त्याने उरलेले दोन कार्यक्रम संपवले.

गेम: १०८० रेषांच्या मॉनिटरवर जुने आणि ऑनलाइन गेम ८ जीबीत चालतात. नवे मोठे गेम सगळ्या सेटिंग वर ठेवून खेळायचे तर ८ जीबी आता अपुरी पडते. इंटेल आर्क बी५८० मध्ये १२ जीबी आहे. रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी आणि आरटीएक्स ५०६० टीआय ही दोन्ही ८ आणि १६ अशा दोन रूपांत येतात. खोक्यावर नाव तेच असतं, म्हणून मेमरीचा आकडा बिलावर लिहून घ्या.

घरी एआय शिकायचंय, असं सांगणारी मुलं वाढलीत, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटमध्ये दाबून घेतलं तर साधारण ४ ते ५ जीबी लागतात. तेच १६ बिटमध्ये १४ जीबीच्या घरात जातं. शिकण्यासाठी १२ जीबीचं जुनं आरटीएक्स ३०६० आजही ८ जीबीच्या नव्या कार्डापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

पाचवी पायरी: वीज

इथे थांबा आणि नीट वाचा, कारण नुकसान होतं ते इथेच.

२०१९ च्या मे महिन्यात मी एका मुलाचं मशीन जुळवलं. बजेट संपत आलं होतं, म्हणून कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस तसाच ठेवला. त्यावर ४५० वॅट छापलेलं होतं. हातात घेतला तेव्हा डब्यासारखा हलका लागला होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तिसऱ्या आठवड्यात दुपारी त्याच्या आईचा फोन आला: "आतून फट्‌ आवाज झाला आणि जळका वास येतोय." एसएमपीएस गेला आणि जाताना कार्डही घेऊन गेला. त्या मुलाने सुट्टीत काम करून साठवलेले पैसे होते. तेव्हापासून मी नियम केला: कार्डाच्या बजेटमधून आधी एसएमपीएसचे पैसे बाजूला काढायचे.

हिशेब असा. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. ६ पिनची वायर आणखी ७५, ८ पिनची १५०. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं रूप ७० वॅटमध्ये भागतं, म्हणून त्याला वेगळी वायर लागत नाही. ऑफिसातून निघालेल्या जुन्या ब्रँडेड मशीनमध्ये टाकायला ते बरं, फक्त कॅबिनेट बारीक असेल तर कार्डाची उंची बघून घ्या. आरटीएक्स ५०६० १४५ वॅट, आर्क बी५८० १९० वॅट, आरएक्स ९०७० एक्सटी ३०४ वॅट. कार्ड अधिक प्रोसेसर अधिक १०० वॅट, आणि त्या बेरजेच्या दीडपट एसएमपीएस, हा माझा ठोकताळा. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) किंवा त्याच्या वरचा, नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्या.

मोठ्या कार्डांना १६ पिनचा नवा कनेक्टर येतो. २०२२ मध्ये तो नीट न बसल्याने वितळल्याच्या तक्रारी आल्या आणि नंतर त्याची रचना सुधारली. तरीही तो बसवताना शेवटपर्यंत दाबा, उजेडात बघा की फट राहिलेली नाही, आणि वायर कनेक्टरजवळ लगेच वाकवू नका.

यूपीएसचं गणित बहुतेकांना माहीत नसतं. दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. मशीन शांत असताना तो सांभाळतो. गेम चालू असताना लाइट गेली की तो टूं करतो आणि मशीन बंद पडतं. मधल्या दर्जाच्या कार्डाला १००० व्हीए धरा. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवायचं असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा आहे का, ते बघा. आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये मी तीन पिनचे सॉकेट पाहिलेत ज्यांच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती.

सहावी पायरी: उष्णता आणि धूळ

आपल्याकडे निफाडची थंडी पेपरात येते, म्हणून लोकांना वाटतं नाशिक थंड. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत कार्डाचा पंखा ओरडायला लागतो. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. पुढून हवा आत आणि मागून बाहेर, इतकी वाट मोकळी हवी. दर तीन महिन्यांनी ब्लोअरने धूळ काढा, मात्र कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं.

सातवी पायरी: खरेदी

कॅनडा कॉर्नर आणि एमजी रोडवर दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळेल म्हणून सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडणारे आहेत, आणि पूर्ण मशीन घ्यायचं असेल तर फेरी परवडतेही. एकट्या कार्डासाठी मी गावातच घेतो. वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर कसारा घाट पुन्हा उतरावा लागत नाही. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या. खोकं फेकू नका.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, पण दोन रेषा आखा. जीटीएक्स १० मालिका, म्हणजे आपल्याकडे घरोघरी दिसणारं १०५० टीआय आणि १०६०, नको. ऑक्टोबर २०२५ पासून त्यांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळत नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. शिवाय काही नवे गेम किरणांचा हिशेब करणाऱ्या कार्डाशिवाय सुरूच होत नाहीत. म्हणून आरटीएक्स २० किंवा आरएक्स ६००० च्या खाली उतरू नका. दुसरी रेषा मायनिंगची, म्हणजे क्रिप्टो नाणी कमावायला राबवलेल्या कार्डांची. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने पद्धत बदलली आणि कार्डांवरचं ते मायनिंग थांबलं, मग दिवसरात्र राबलेली हजारो कार्डं बाजारात आली. विकणाऱ्याच्या घरी जा, वीस मिनिटं जड गेम चालवा, पंख्याला कान लावा, पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतात का बघा, आणि स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर कार्ड उघडलेलं आहे हे समजून भाव करा.

थांबावं का, हा प्रश्न हमखास येतो. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरी चिप वळल्याने रॅमचे भाव जोरात चढले, आणि कार्डावरची मेमरी त्याच मोजक्या कारखान्यांतून येते. पुढच्या पिढीची वाट बघत शिक्षणाचं वर्ष घालवू नका. काम आज अडलेलं असेल तर आज घ्या. फक्त हौस असेल तर निवांत भाव बघत राहा.

आठवी पायरी: कार्ड बसवणं

जुनं कार्ड असेल तर आधी त्याचा ड्रायव्हर काढून टाका. मशीन बंद, एसएमपीएसमागचं बटण बंद, वायर काढलेली, आणि मग चालू करायचं बटण एकदा दाबा म्हणजे उरलेली वीज उतरते. पायाखाली गालिचा नको. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. प्रोसेसरला जवळचा लांब स्लॉट, मागची पट्टी काढा, कार्ड दोन्ही हातांनी कडेने धरा आणि सरळ खाली दाबा. टोकाची कडी टक्‌ करून लागली पाहिजे. आवाज आला नाही तर कार्ड तिरकं आहे. जोर लावू नका, काढून पुन्हा बसवा. मग स्क्रू, मग वायर.

मॉनिटरची केबल कार्डाला लावा. हसण्यासारखं वाटेल, पण "नवं कार्ड चालत नाही" अशा निम्म्या फोनचं कारण मदरबोर्डला लावलेली केबल असते.

बायॉसमध्ये जाऊन रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करा. इंटेल आर्क त्याशिवाय फारच मंद चालतं. मशीन इतकं जुनं असेल की ती सोय नाही, तर आर्क घेऊ नका. जुन्या मदरबोर्डवाल्यांनी आणखी एक बघावं: आरटीएक्स ५०६०, ५०६० टीआय आणि आर्क बी५८० १६ ऐवजी ८ लेनच वापरतात. पीसीआयई ३.० च्या बोर्डावर ती वाट सेकंदाला साधारण ८ जीबीवर येते. मेमरी पुरेशी असेल तोवर फारसं जाणवत नाही. ८ जीबीचं कार्ड भरलं की मात्र भाचीच्या गवतासारखं होतं.

शेवटी एक काम. जड काम अर्धा तास चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचं तापमान बघा. कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला कागदी टेपची एक पट्टी लावा आणि तिच्यावर पेनने लिहा: बसवल्याची तारीख, एसएमपीएसचे वॅट, कार्डाची मेमरी, त्या दिवसाचं तापमान. पुढच्या मेमध्ये तेच काम चालवून आकडा पुन्हा लिहा. खोली तापल्याने वाढेल त्याहून जास्त, म्हणजे दहा-पंधरा अंशांनी वाढलेला दिसला तर आधी ब्लोअर मारा, तरी उतरला नाही तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या. भाचीच्या मशीनमध्ये त्या पट्टीवर आता चार ओळी झाल्यात, शेवटची तिने स्वतः लिहिलेली: "७४. धूळ काढली. ६७."